एक जूनचे दोन कॅप्टन

आमच्या अण्णांना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव विचारत नसत, गावही नाही. थेट विचारत, "तुमी कवाचं म्हणायचं?"

समोरचा गोंधळायचा. कवाचं म्हणजे? इथं कधीपासून उभा आहे ते सांगायचं, का नोकरीला कधी लागलो ते? अण्णांना हवं असायचं जन्माचं साल. ते कळेपर्यंत त्यांची जीभच उचलायची नाही, कारण समोरच्याला 'अरे' म्हणायचं का 'अवो', हा पेच सुटायचा नाही. साल कळलं की चेहरा उजळायचा. "मग धाकटा हायस की! ये, बस." नाहीतर स्वतःच खुर्ची सोडून उभे राहायचे. "म्हंजे थोरलेच की तुमी. बसा, अवो बसा."

मला पहिल्या भेटीत 'अरे' मिळालं. नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. गाव मात्र मीच सांगून बसलो, त्यामुळे कंपनीत असेपर्यंत मी त्यांच्यासाठी 'ए राजेश्वर' होतो.

अण्णा विमान चालवायचे. सत्तर माणसं बसतील असं पंख्याचं विमान; बेंगळूरहून बीदर, बेंगळूरहून कलबुर्गी, अशा आमच्या फेऱ्या. विमानात डावी खुर्ची कॅप्टनची आणि उजवी को-पायलटची. माझी सगळी उमेद उजव्या खुर्चीत गेली. घरी मुलांना अण्णांच्या गोष्टी सांगायला लागलो की धाकटी मध्येच विचारते, "मग बाबा, तुम्ही काय करायचात?" मी सांगतो, "मी बघायचो." हे उत्तर माझ्या बायकोला फार पटतं.

थोरल्या-धाकट्याचं हे वेड नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात गेले तरी अण्णा दारातूनच "शेवटचा कोण?" विचारणार आणि त्याच्या शेजारी जाऊन बसणार. लग्नात कुणी पहिल्या पंगतीला ओढलं तर हात सोडवून घेणार, कारण मांडवात अजून एक थोरला उभा दिसतोय. विमान टेकलं की सगळे प्रवासी एकदम उठून डोक्यावरच्या बॅगा ओढायला लागतात, त्याचा तर त्यांना शारीरिक त्रास व्हायचा. बीदरला उतरलो की ते घोषणा करायचे, आधी कानडीत, मग इंग्रजीत आणि शेवटी आपल्या मुलखासाठी खास आपल्या बोलीत: "पुढच्या रांगेतल्यांनी आधी उतरावं. मागच्यांनी बसून ऱ्हावं. बीदर कुठं पळून जायलं न्हाई."

एकदा कुणीतरी तक्रार केली. ऑफिसनं माझ्याकडून या वाक्याचं इंग्रजी लिहून मागितलं. मी लिहून दिलं, 'प्लीज रिमेन सीटेड'. प्रकरण मिटलं. तेव्हापासून अण्णा म्हणू लागले, "ह्या राजेश्वरचं विमान राहू द्या, भाषांतर बरं हाय."

इंग्रजीचा त्यांना राग होता. बोलायचे स्वच्छ, कंट्रोल टॉवरवाल्यांना त्यांचा एक शब्द कधी परत विचारावा लागला नाही. पण हेडफोन काढला की कुरकुर सुरू. "ह्या भाषेत माणूस थोरलाच होत न्हाई बघ. आज्जाला यू, नातवाला यू. कसं नांदत असतील रे हे लोक?"

नियमाचे मात्र पक्के. दोन्ही पायलटांनी एकच जेवण जेवायचं नाही, असा एक नियम असतो. एका भाजीनं पोट बिघडलं तर दोघंही एकदम आडवे नकोत. अण्णा कंपनीचं जेवण घ्यायचे नाहीत. डब्यात घरची, महिनाभर टिकणारी कडक भाकरी असायची आणि मला त्यातली अर्धी खाल्ल्याशिवाय सोडायचे नाहीत. मी पहिल्यांदा नियमाची आठवण दिली तेव्हा त्यांनी शांतपणे दुसरी डबी काढली. "तू शेंगाची चटणी घे. मी जवसाची खायलोय. झालं येगळं जेवण." भाकरीचं काय, असं विचारायची माझी छाती झाली नाही. भाकरी फार चांगली होती.

ती भाकरी मुडबीची. अण्णांचं घर मुडबीला. तिथं म्हातारी आई, बायको, थोडं शेत. आणि अण्णा मात्र बेंगळूरला, आणखी दोन पायलटांबरोबर भाड्याच्या खोलीत. महिन्यातून एखाद वेळी घर. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. मग कलबुर्गीला विमानतळ झाला. तिथून मुडबी तासा-दीड तासाच्या रस्त्यावर. आता आमचं विमान कलबुर्गीला टेकायचं, प्रवासी उतरायचे, नवे चढायचे आणि अर्ध्या तासात आम्ही परत बेंगळूरच्या वाटेला. अण्णा त्या अर्ध्या तासात विमानाच्या शिडीवर उभे राहून मुडबीच्या दिशेला बघत. एकदा म्हणाले, "सासुरवाशिणीला माहेरचा उंबरा दावून माघारी फिरवायलेत बघ." आणि हसले. पण पुढची सगळी फेरी त्यांनी माझी एकही चूक काढली नाही, म्हणजे बघा.

*

त्यानंतर आमच्या कंपनीचं लग्न ठरलं. आमच्यासारखीच दुसरी एक छोटी कंपनी होती, तिच्याशी. दोन्हींची मिळून एक होणार, आणि नवी कंपनी एक विमान रात्री कलबुर्गीतच मुक्कामाला ठेवणार. त्यासाठी काही कॅप्टन कायमचे तिथं राहायला हवे होते.

ही बातमी ऐकली तेव्हा अण्णांनी हातातला चहा न पिता खाली ठेवला. "म्हंजे सकाळी घरनं निघायचं," ते म्हणाले, "आन् सांच्याला घरी यायचं? मास्तर, तलाठी असतेत तसं?"

"तसंच," मी म्हटलं.

"विमान चालवून?"

"विमान चालवून, अण्णा."

त्यांनी खाली ठेवलेला चहा उचलून एका घोटात संपवला. मग त्यांनी विचारलं, "पर नंबर कसा लावणारेत?"

खरा प्रश्न तोच होता. पायलटाचं आयुष्य एका यादीवर चालतं. आधी कॅप्टन कोण होणार, दिवाळीची सुट्टी कुणाला, राहायला कुठलं गाव, सगळं सीनियॉरिटीच्या नंबरावर. विमान किती सुरेख चालवता हे यादी विचारत नाही, आणि माझ्यासारख्याला ते सोयीचंच होतं. आता दोन कंपन्यांच्या दोन याद्यांची एक करायची होती. आमचे म्हणायचे, नोकरीला आधी लागला तो वर. त्यांचे म्हणायचे, कॅप्टन आधी झाला तो वर, कारण त्यांच्याकडं माणसं लवकर कॅप्टन व्हायची. तिसरे शहाणे म्हणायचे, एक इकडचा, एक तिकडचा, अशी वेणी घाला.

बेंगळूरच्या एका हॉटेलात बैठका झाल्या. यादी करायला ऑफिसनं एक मॅडम नेमल्या होत्या. हैदराबादकडच्या, हसतमुख, पण तिसऱ्या बैठकीला त्यांचंही हसू संपलं. कोण कुणाचं ऐकेना. तेव्हा अण्णा उठले. इतक्या माणसांपुढं कोण थोरलं, कोण धाकटं हे ठरवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त मॅडमकडं बघितलं आणि दखनीत सुरुवात केली.

"मॅडम, दो घर मिलके एक घर हुआ तो बहुओं का कैसा करते?"

मॅडम म्हणाल्या, "कैसा करते?"

"उमर नई देखते. रोटी कैसी बनाती, वो भी नई देखते. घर में कब आई, वोच देखते. जो पहले आई सो बडी."

सगळी खोली हसली. या वाक्यानं भांडण मिटलं असं मी घरी सांगतो, पण ते खरं नाही. त्यानंतरही पुष्कळ चहा संपला. पण शेवटी ठरलं तेच. नोकरीला लागल्याची तारीख बघायची. दोघांची तारीख एकच आली तर जन्मतारीख. वयानं मोठा तो वर.

या न्यायानं मी इतका खाली घसरलो की घरी बायकोनं यादी बघून विचारलं, "म्हणजे तुम्ही आता नव्यानं लागलात का?"

वरच्या ज्येष्ठांनी आपापली गावं निवडायला सुरुवात केली. कलबुर्गीच्या जागा एकेक करून गेल्या. शेवटी एकच उरली आणि अण्णांचा नंबर आला. अण्णांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता.

पण त्या नंबरावर दोन माणसं उभी होती.

*

दुसरे कॅप्टन त्या कंपनीतले, खजुरीचे. आळंद तालुक्यातली खजुरी, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेली. मोठ्या मिशा, मोठा आवाज. त्यांचंही घर तिथं, आई तिथं, आणि त्यांनाही कलबुर्गीच हवी होती. आम्ही त्यांना खजुरीवाले म्हणायचो.

दोघांची नोकरीला लागल्याची तारीख एकच होती. त्यात नवल नाही. त्या वर्षी दोन्ही कंपन्यांच्या मालकांनी पाडव्याचा मुहूर्त धरून माणसं घेतली होती. मॅडमनी जन्मतारखा काढल्या आणि कागद पुन्हा पुन्हा बघितले.

"व्हॉट अ कोइन्सिडन्स! दोघांचाही जन्म एक जूनचा. सालही एकच!"

अण्णांनी खजुरीवाल्यांकडं बघितलं, खजुरीवाल्यांनी अण्णांकडं, आणि दोघंही खो खो हसत सुटले. मीही हसलो, कारण माझाही एक जूनच आहे.

आमच्या भागात मूल शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, पोरगं कवाचं? आई सांगायची, तुरी काढताना झालं. मास्तरांच्या रजिस्टरात तुरीला रकाना नव्हता. ते एक जून लिहून मोकळे व्हायचे, आणि साल पोराच्या उंचीवरनं ठरायचं. राजेश्वरच्या शाळेत आमचा आख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला होता.

मी हे मॅडमना समजावून सांगितलं. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. "माझ्या वडिलांचाही एक जूनच आहे," त्या म्हणाल्या, "आम्ही दर वर्षी केक आणतो." मग त्यांनी निर्णय दिला. दोघांनी मिळून एकमेकांच्या संमतीनं क्रम लिहून द्यावा, तो मान्य होईल. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात चिठ्ठी टाकू.

"चिठ्ठी?" अण्णा बाहेर आल्यावर मला म्हणाले. "थोरला कोण, हे चिठ्ठीनं ठरतंय व्हय रे?"

त्यांना कलबुर्गीची काळजी होतीच, पण त्याहून मोठं संकट दुसरं होतं. खजुरीवाल्यांना अरे म्हणायचं का अवो, हेच ठरत नव्हतं. साल विचारायची सोय नाही. साल सगळ्या कंपनीला पाठ होतं. त्या आठवड्यात अण्णा खजुरीवाल्यांशी जे मराठी बोलले तसं मी आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

"चहा घेणं होईल का?"

खजुरीवाले बेरकी. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "होईल की. घेणं होईल."

"साखर चालणं होतंय?"

"कमी चालणं होतंय."

"आन् गावाकडं कवा जाणं होणार?"

"रविवारी जाणं होईल. इकडून येणं झालं तर बरं होईल."

वाक्यातला कर्ता बाहेर ठेवून दोन कॅप्टन तासभर गप्पा मारत बसायचे. मी शेजारी बसून हसू दाबत भाकरी खायचो. पण त्यातूनच वाट निघाली. खजुरीवाल्यांची आई होती, अण्णांची आई होती. कोण कवाचं, हे जगात त्या दोघींनाच ठाऊक. रविवारी अण्णांनी आपल्या आईला घेऊन खजुरीला यायचं, दोघींना समोरासमोर बसवायचं, आणि त्या सांगतील ते दोघांनी मान्य करायचं. गाडी चालवायला मी. गाडी मला बरी चालवता येते.

*

खजुरीला अंगणात तुरीची रास पडली होती. खजुरीवाल्यांच्या आईचं माहेर कानडी मुलखातलं, त्यांना सगळे अव्वा म्हणत. "बर्री, बर्री, कुंद्री," म्हणत अव्वांनी अण्णांच्या आईचा हात धरून तिला बाजेवर बसवलं, आणि दोघींनी आम्हाला विसरून गुडघ्यांचा विषय काढला. गुडघे झाले. मोतीबिंदू झाला. गरम हुरडा आला. आता सुनांचा विषय निघणार तेवढ्यात अण्णांनी घसा खाकरला.

"माय, ते सांग की."

"काय सांगू?"

"मी कवाचा, ते."

अण्णांच्या आईनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "आता कामून? दुसरं लगीन करायलास व्हय?"

अव्वा खळखळून हसल्या. "आमचाबी सकाळधरनं तेच इचारायलाय. मी कवाचा, मी कवाचा. आरं, येळवशीचा तू. किती बार सांगू?"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. मिसळ भाज्यांची भज्जी आणि आंबील घेऊन सगळे शेतात जातात.

"सगळी शेतात भज्जी खायलीत," अव्वा सांगू लागल्या, "आन् मी घरात एकटी. शेजारची आंधळी म्हातारी तेवढी हुती, तिनं सोडवलं मला."

हुरडा चोळता चोळता अण्णांच्या आईचा हात थांबला. "येळवशीचा? अगं माय, हाबी येळवशीचाच की! आंबिलीचं मडकं माझ्या डोक्यावर. बांधावर पोचले आन् तिथंच बसले. मडकं फोडलं न्हाई बरं मी."

अण्णांनी कणीस खाली ठेवलं. खजुरीवाल्यांनी मिशी चावली. मला मॅडमच्या हातातली चिठ्ठी दिसायला लागली.

"पर कुठल्या सालची येळवस, अव्वा?" खजुरीवाल्यांनी विचारलं.

साल काही दोघींनाही सांगता येईना. खजुरीवाले म्हणाले, गावात लाईट कधी आली ते धरू. पण मुडबीची लाईट वेगळी, खजुरीची वेगळी. अण्णा म्हणाले, मामाचं लग्न. पण मामा ज्याचे त्याचे. मीही एक प्रश्न विचारला, तो इतका निरुपयोगी होता की दोन्ही म्हाताऱ्यांनी मला आणखी हुरडा वाढला.

मग अव्वाच आपल्याशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "जावळ काढायचं ऱ्हायलं हुतं ह्याचं. सासू म्हणाली, आता धोंड्यात नको. श्रावणात धोंडा पडला हुता ना त्या साली. मग दसऱ्याला काढलं."

धोंडा, म्हणजे अधिक महिना, तिसऱ्या वर्षी येतोच. पण श्रावणात क्वचित पडतो. बाईच्या जन्मात चार-सहादाच. अण्णांच्या आईनं मान वर केली.

"दोन श्रावण आले, तेच साल?"

"तेच की. दोन श्रावण."

"मग तवा माझा पोटात हुता," अण्णांची आई म्हणाली. "दोन्ही श्रावणांचे सोमवार सासूनं धरायला लावले मला, पोटुशी असून. म्हणून तर हा असा वाळका. आन् त्याच्या पुढच्या येळवशीला झाला."

"म्हंजे माझा आदल्या येळवशीचा," अव्वा म्हणाल्या. "एका वर्सानं थोरला."

 मी अण्णांकडं बघितलं. ते बाजेच्या उशाकडं, मानाच्या जागी बसले होते. ते उठले, धोतर झटकावं तशी त्यांनी पँट झटकली आणि खजुरीवाल्यांना म्हणाले, "अवो, बसा की इथं. तुमी बसा."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या वाक्यात कर्ता आला होता. त्यांचा चेहरा असा सैल झाला की जणू कलबुर्गी त्यांनाच मिळाली.

खजुरीवाले बसले. "मग आता मी अरे म्हणू व्हय?"

"म्हणा की."

"ये अण्णा," खजुरीवाले म्हणाले, "बस रे शेजारी."

कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. थोरल्या भावाला अरे-तुरे झालेलं अव्वांना ऐकवलं नाही. त्या तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. अण्णांची आई मात्र हसत नव्हती.

"थोरला हाय म्हणून काय भेटतंय?" तिनं विचारलं.

अण्णांनी कणीस पुन्हा उचललं. शेवटी खजुरीवालेच म्हणाले, "कलबुर्गी, मावशी. एकच जागा हाय."

"म्हंजे हा घरी येत न्हाई."

"न्हाई, माय," अण्णा म्हणाले.

तिनं हातातले हुरड्याचे दाणे परत ताटात टाकले. "आधी सांगायचंस तरी. मी खोटं बोलले असते की रे."

"दोन श्रावण हायेत, माय," अण्णा म्हणाले. "कसं लपवशील?"

त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, वो बडे हैं. उनका नाम ऊपर डालो. मैं उनके नीचे." आणि फोन खजुरीवाल्यांकडं दिला. खजुरीवाल्यांनी जागा घेतली. मी एखादा हृदयस्पर्शी नकार ऐकायच्या तयारीत होतो, पण तसं काही झालं नाही. थोरला होता, हक्काचं होतं, घेतली. अण्णांनाही यात काही वावगं दिसलं नाही.

परतीच्या वाटेवर मी हुशारी केली. म्हटलं, "काही दिवसांचा प्रश्न आहे, अण्णा. थोरले आधी रिटायर होतील. मग तुमचाच नंबर." आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. "पण नाही की हो. कागदावर दोघांचा एक जून. सालही तेच. ते घरी बसणार त्याच दिवशी तुम्हीपण."

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. मुडबीचा फाटा येईपर्यंत बघत राहिले. मग एकाएकी हसायला लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कामून हसायलास?" मागून आईनं विचारलं.

"मास्तरनं मारलं बघ, माय."

"कवा मारलं? तवा सांगितलं न्हाईस ते!"

*

खजुरीवाले कलबुर्गीला गेले. अण्णा बेंगळूरच्या खोलीत राहिले. नव्या कंपनीतल्या नव्या को-पायलटांना त्याच कडक भाकरीची आणि त्याच दोन चटण्यांची ओळख झाली.

खजुरीवाल्यांचं सुख एक वर्ष टिकलं. घरी राहणारा थोरला मुलगा काय असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळं आयुष्य ते बाहेरच होते. आता दोन चुलतभाऊ बांधावरून भांडायला लागले की निरोप यायचा, थोरल्याला बोलवा. सोयरीक बघायला जायचं, थोरला हवा. पुतण्याच्या मोटारसायकलला हवालदारानं अडवलं, थोरल्याला फोन. विमान टेकवून माणूस दारात येतो तर ओसरीवर पंचायत बसलेली. आणि गावातली निम्मी माणसं विमानतळाच्या फाटकाशी येऊन पहारेकऱ्याला सांगायची, आमचा माणूस चालवतोय, जरा आत बघून येतो.

शेवटी त्यांनी ऑफिसला अर्ज केला. पायलटाला दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे, असा कडक नियम आहे. त्या नियमाचा आधार घेऊन त्यांनी लिहिलं की घरी राहिल्यामुळे मला विश्रांती मिळत नाही, तरी बेंगळूरला बदली व्हावी. मॅडमनी हा अर्ज म्हणे फ्रेम करून ठेवला आहे.

जागा मोकळी झाली. मॅडमनी अण्णांना फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो.

"कलबुर्गी होना क्या, कॅप्टन?"

मी मानेनं जोरजोरात हो, हो करत होतो. अण्णांनी मला हातानं गप्प केलं. "मेरे ऊपर के सब को पूछे क्या, मॅडम?"

"पूछी ना. किसी को नई होना."

"सब को?"

"सब को, कॅप्टन. एक एक को."

तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

त्यानंतर वर्षभरात माझ्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी मला उजव्या खुर्चीवरूनही उठवलं. आता मी हैदराबादेत टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या ड्युट्या लावतो. बायको म्हणते, आधीही बसूनच होतात. गेल्या हिवाळ्यात राजेश्वरला गेलो होतो, तिथून वाकडी वाट करून मुडबीला गेलो. अण्णा ड्युटीवर होते. त्यांची आई अंगणात डाळ निवडत बसली होती. तिनं मला बसायला पोतं दिलं आणि थोडी डाळ माझ्याही पुढ्यात सरकवली.

थोड्या वेळानं पंख्याचा ओळखीचा आवाज आला. कलबुर्गीहून उत्तरेला जाणारी दुपारची फेरी. मी उठून उभाच राहिलो, डोळ्यांवर हात धरून. विमान उन्हात चमकत चाललं होतं.

"मावशी, बघा की! अण्णा चाललेत."

तिनं मान वर केली नाही. बोटं डाळीत फिरत होती.

"आधी बघायची," ती म्हणाली. "कुठलंबी दिसलं की बघायची. ह्यात असंल, त्यात असंल म्हणून. मान मोडून जायची बघ. आता कामून बघू? सांच्याला जेवायला घरी येतोय की." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "आन् तूबी बस खाली. खडे तसेच ऱ्हायलेत."